आत्याच्या खांद्यामागची बोफोर्स

गेले तीन रविवार मी एक तोफ करतोय. पूर्ण झाली की साबुदाण्याच्या दाण्याएवढी होईल. झाली तर.

मॉडेल आपल्या जुन्या विमानवाहू विक्रांतचं, 1971 मधलं, स्केल 1:700. खरी बोट 700 फूट, त्यामुळे मॉडेल बरोब्बर एक फूट, शाळेतल्या पट्टीएवढं, हे मला अजूनही भारी वाटतं. हल, म्हणजे बोटीचं धड, आणि डेक दिवाळीतच उरकले, त्यात सांगण्यासारखं काही नाही, बाल्सा घासला, लांबी लावली, परत घासला.

आता लहान कामं चालू आहेत आणि त्यासाठी माझ्याकडे फोटो कुठले, तर 2003 मध्ये बोट मुंबईत म्युझियम होती तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो होतो ते. बाबांनी अख्खा रोल संपवला, पण एका फोटोत नुसती बोट असेल तर शपथ! सगळीकडे आम्हीच उभे. बोफोर्सचा, म्हणजे मी करतोय त्याच विमानविरोधी तोफेचा, जो एकमेव जवळून काढलेला फोटो आहे त्यात मधोमध आत्या आहे, आणि तोफेची सीट, गोल साईट, हँडल वगैरे जे मला हवंय ते सगळं तिच्या खांद्यामागे. स्कॅन करून झूम केलं तर पदराची जर स्पष्ट दिसते, तोफ नाही 😅

तर नळी. खरी सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे इथे 3 मिलिमीटरच्या थोडी वर, आणि जाडी 0.1 च्या आसपास पाहिजे. बंद पडलेल्या हेडफोनची वायर सोलली की आत केसासारख्या तांब्याच्या तारा निघतात, त्यातली एक काचेवर ठेवून स्टीलच्या पट्टीखाली लाटायची, शेवया वळतो तशी, की सरळसोट होते. तोंडाशी जो फनेलसारखा भाग असतो तो कापून करणं अशक्य, म्हणून टोक पांढऱ्या गोंदात जरासं बुडवायचं आणि उलटं धरून वाळवायचं, दोन-तीन वेळा केलं की थेंब आपोआप तसा आकार घेतो. हे जमलं त्या दिवशी मी बायकोला भिंग देऊन दाखवलं, ती म्हणाली छान आहे, कुठे आहे?

कठड्यांचं मात्र माझं स्पष्ट मत आहे. कठड्याची तार खऱ्या बोटीवर दोन सेंटिमीटर जाड धरली तरी या स्केलला 0.03 मिलिमीटर होते, डोक्याचा केस त्याच्या दुप्पट जाड. म्हणून तयार पितळी कठडे लावले की बोट सोसायटीच्या कंपाउंडमध्ये उभी केल्यासारखी दिसते, मग भले त्यात एकूणएक खांब असो. मी किटचा उरलेला प्लास्टिकचा स्प्रू, म्हणजे सुटे भाग ज्याला जोडलेले येतात ती काडी, मेणबत्तीवर फिरवत मऊ करतो, ज्योतीतून बाहेर काढतो आणि झटक्यात ओढतो, केसापेक्षा बारीक धागा निघतो. पंखा बंद पाहिजे, खोकला दाबून ठेवायला पाहिजे आणि चहा लांब. रंग खऱ्यापेक्षा एक छटा फिकट करडा द्यायचा, गडद दिला तर तोच धागा जाड दिसतो. आणि इतकं करूनही जे बारीक जमत नाही ते मी सरळ गाळतो, जाड करून लावत नाही.

पहिली तोफ शिंकेत गेली. जमीन झाडली, टॉर्च आडवा धरून शोधली, एक राजगिऱ्याचा दाणा सापडला.

दुसरी परवा बसली, फेविक्विक सुईच्या टोकावर घेऊन. तिच्याशेजारी खलाशी उभा करायला 2.5 मिलिमीटरचा माणूस केला तर तो जरा बुटका आणि गोल झाला, बघतो तर हुबेहूब आत्या. आता हिशेबाने हे चूकच आहे, 71 मध्ये या बोटीला पुढचा स्की-जंप, म्हणजे विमानं उडवायचा वर वळलेला उतार, तोसुद्धा नव्हता, तो 80 च्या दशकाच्या शेवटी बसवला, आणि मी युद्धातल्या डेकवर 2003 ची आत्या उभी करतोय. पण केली उभी.

साडीचा रंग विचारायला फोन केला. म्हणाली, "अंजिरी होती रे ती." फोटोत तर चक्क हिरवी दिसतेय.