आमची वाटचाल : सॅलिनासचा टॉर्टियाचा कारखाना

कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासमध्ये आमचा टॉर्टियाचा, म्हणजे मक्याच्या पातळ मेक्सिकन भाकरीचा, छोटा कारखाना आहे. तो माझ्या आजेसासऱ्यांनी उभारला. ते मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातल्या एका खेड्यातले, मी वर्ध्याची, त्यांची नातसून. गेल्या वर्षी आजोबा गेले. आता मी आणि माझा नवरा धंदा बघतो. पण इथलं प्रत्येक टेबल, प्रत्येक हौद त्यांच्या आयुष्यातून आलाय, त्यामुळे आमची वाटचाल सांगायची तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या शेतांवर माणसं कमी पडली, तेव्हा 1942 साली दोन्ही सरकारांनी करार केला आणि मेक्सिकोतून पुरुष मजूर हंगामापुरते येऊ लागले. त्यांना ब्रासेरो म्हणत. युद्ध संपलं तरी हे 1964 पर्यंत चाललं आणि तेवढ्या काळात 45 लाखांच्या आसपास करारांवर सह्या झाल्या. माणसं मात्र त्याहून कमी, कारण एकच माणूस पुन्हा पुन्हा यायचा. आजोबाही तसेच आले-गेले. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या एम्पाल्मे गावी हजारो तरुण यादीत नाव लागण्याची वाट बघत पडून असत. नाव लागावं म्हणून आजोबांनी आधी तिथल्या शेतांत कापूस वेचला. मी कापसाच्या मुलखातली आहे हे कळल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो बोंडाच्या काट्यांचा. हद्द ओलांडल्यावर कॅलिफोर्नियातल्या एल सेंत्रोच्या केंद्रात तपासणी व्हायची. कपडे उतरवून अंगावर डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी. शेतमालकांची माणसं तळहात उलटे करून घट्टे आहेत का बघायची. हे सांगताना आजोबांचा आवाज कधी चढला नाही, पण आमच्याकडे कामाला येणाऱ्या माणसाचे हात बघायचे नाहीत, त्याला आधी खुर्ची द्यायची, हा नियम तिथून आला आणि आजही तो पाळला जातो.

सॅलिनास म्हणजे लेट्यूसचं खोरं. इथे रोपांची विरळणी आणि खुरपणी जेमतेम फूट-दीड फूट दांड्याच्या कुदळीने करून घेत. तिला ‘एल कोर्तितो’ म्हणत. लांब दांडा दिला तर मजूर नीट काम करणार नाहीत, असं मालकांचं म्हणणं. शिवाय दुरून नजर टाकली की कोण ताठ उभा राहिलाय ते लगेच दिसायचं. दिवसभर कंबरेतून वाकून माणसांच्या पाठी कायमच्या गेल्या. कॅलिफोर्नियात त्या कुदळीवर बंदी आली ती थेट 1975 साली. आजोबांची पाठ तोवर गेलेलीच होती. शेवटपर्यंत ते खुर्चीतून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकत.

17 सप्टेंबर 1963 ला इथून जवळच चुआलारला रेल्वे फाटकावर मालगाडीने मजुरांच्या गाडीला धडक दिली. गाडी कसली, ट्रकवरच बाकडी बसवलेली. 32 जण गेले. आजोबा तेव्हा दुसऱ्या छावणीत होते, पण त्यातले काही चेहरे ओळखीचे. आमच्या डिलिव्हरीच्या गाडीत मागे, मालाबरोबर, कुणीही कधीही बसत नाही. अगदी दोन गल्ल्या जायचं असलं तरी.

एका शेतमालकाच्या पत्रावर त्यांना ग्रीन कार्ड मिळालं, मग आजी आली. रात्री मका शिजवून पहाटे शेतावरच्या टोळ्यांना तमाले, म्हणजे मक्याच्या ओल्या पिठाचे सारण भरून वाफवलेले मुटके, विकायला तिनेच सुरुवात केली. पुढे भाड्याचा गाळा घेतला, जुनं जातं घेतलं. त्या गाळ्यात आजोबांनी पहिलं काम केलं ते सुताराला बोलावण्याचं. कणीक मळायचं टेबल, मका धुवायचा हौद, गोण्यांचा ओटा, सगळं कंबरेच्या उंचीला. हातात पैसा नव्हता, तरी यात त्यांनी काटकसर केली नाही. कुणी खाली वाकून काम करायचं नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

आमची पद्धत अजून तीच आहे. शंभर किलो पांढऱ्या मक्याला साधारण किलोभर चुना घालून मंद आचेवर शिजवायचा, रात्रभर मुरवायचा, सकाळी टरफलं धुऊन ओलाच दळायचा. चुन्यामुळे साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. ज्या देशांनी मका नेला पण ही रीत नेली नाही, तिथे मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाने होणारा रोग, झाला. दळायला ज्वालामुखीच्या दगडाची जोडी लागते, आणि दगड गुळगुळीत झाला की टाकी लावावी लागते. हे काम आजोबा स्वतः करत. मला त्यांनीच शिकवलं. आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यातून मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयात त्यांनी मक्यावर संशोधन केलं, हे मी सांगितलं तेव्हा आजोबांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं, नि मग दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला स्वतः सांगितलं. मला त्या दिवशी या घरात खरी जागा मिळाली असं वाटतं.

मध्यंतरी एका मोठ्या खरेदीदाराने भाव पाडून मागितला. तयार कोरडं पीठ वापरलं असतं तर तो परवडला असता, रात्रपाळीही वाचली असती. आम्ही नाही म्हटलं आणि ती दोन वर्षं ओढाताणीत गेली. डिसेंबरात तमाल्यांसाठी ओलं पीठ न्यायला लोक पहाटेपासून पातेली घेऊन रांग लावतात, त्या जोरावर तगलो.

आता शेजारचा गाळा घेतलाय. तिथे दगडांची दुसरी जोडी आणि नवा हौद बसतोय. हौदाची उंची ठरवायला कामावरच्या सगळ्या बायकांना उभं करून मापं घेतली. त्यांतली सर्वात ठेंगणी आणि सर्वात उंच यांच्यात बराच फरक निघाला, म्हणून आता दोन हौद करतोय.