पंचवीस किलोचं पोतं, सव्वीस किलोचं पोतं आणि आमचे पाच महिने

आमचं सांगलीत घाऊक किराणाचं दुकान आहे. आसपासच्या गावांतले किरकोळ दुकानदार आमच्याकडून साखर, तांदूळ, रवा, साबुदाणा, भगर उचलतात. कधी किती माल भरायचा हे अण्णा ठरवायचे. २०२४ मध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते दोन महिने घरी होते, आणि मी खोबरं गरजेपेक्षा जास्त भरून ठेवलं. तेव्हाच ठरवलं, जुन्या विक्रीवरून पुढच्या मागणीचा अंदाज देणारं सॉफ्टवेअर घ्यायचं. कंपनी शोधली, डेमो पाहिला, पैसे भरले, तीन आठवड्यांत सगळं झालं.

पुढचे पाच महिने एका एक्सेल शीटने खाल्ले.

कंपनीने रकाने आखून दिले होते: तारीख, वस्तू, एकक, नग, दर. एप्रिल २०१८ ते मार्च २०२४ अशी सहा वर्षांची विक्री टॅलीतून (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून) काढून त्यात भरायची होती. आम्ही भरून पाठवली. परत आली. सहा वेळा परत आली, आणि प्रत्येक वेळी एकच ओळ: ‘डेटा स्वच्छ करून पाठवा.’ नेमकं अस्वच्छ काय आहे हे कुणी सांगेना. फोन केला की नवीन मुलगा बोलायचा आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं. तो राग अजून गेलेला नाही. तुम्ही करार कराल तेव्हा शीट परत आली तर कोणत्या ओळी चुकल्या त्याची यादी द्यायची, हे लेखी घ्या.

शेवटी मी आणि दिवाणजी दुकान बंद झाल्यावर रोज दोन तास बसायला लागलो. एस-३० साखर (बारीक दाण्याची प्रत) टॅलीत नऊ नावांनी सापडली. कुणी ‘साखर’ लिहिलेलं, कुणी ‘शुगर’, कुणी मधे रेघ दिलेली, कुणी नाही. काही बिलं क्विंटलमध्ये, काही पोत्यांत. मशीनच्या लेखी त्या नऊ वेगळ्या वस्तू.

खरी गाठ तांदळात आणि रव्यात होती. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-पिठांवर ५ टक्के जीएसटी लागला. कर २५ किलोपर्यंतच, म्हणून बाजारात २६ किलोची पोती आली. आम्ही टॅलीत नवीन वस्तू उघडली आणि पुढे तीच विकत गेलो. आता शीटमध्ये दिसायचं काय, तर २५ किलोच्या पोत्याची मागणी एकाएकी बसली आणि २६ किलोच्या पोत्याला मागचा इतिहासच नाही. चाचणीत सॉफ्टवेअरने दोन्हींचे आकडे चुकवले. कंपनीने उत्तर दिलं, ‘मॉडेल बरोबर आहे.’ माझ्याही लक्षात येईना. दिवाणजींनी शीटवर बोट ठेवलं, म्हणाले, “ताई, पोतं बदललंय, गिऱ्हाईक तेच आहे की.” त्या रात्री सगळं किलोत आणलं, दोन्ही नावं एक केली आणि आकडे जागेवर आले. तीस वर्षं बिलं लिहिणाऱ्या माणसाला हे एका नजरेत दिसलं. असं काम सुरू करताना दुकानातला सगळ्यात जुना माणूस पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. मी घेतला नव्हता, कंपनीच्या मुलांवर विसंबले.

मग शून्यं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फुटांची. दुकान बंद, विक्री शून्य. २०२० चा लॉकडाऊन, जुलै २०२१ चा पूर. हे दिवस खूण करून वेगळे ठेवले नाहीत तर मशीनला वाटतं, सांगलीत पावसाळ्यात कुणी काही घेतच नाही.

त्याहून वाईट शून्य म्हणजे माल संपलेल्या दिवसाचं. गिऱ्हाईक येऊन परत गेलं, बिल झालं नाही, म्हणजे वहीत मागणीच नाही. ही माहिती मागे जाऊन कुठूनही मिळत नाही. आम्ही आता गल्ल्याजवळ एक वही ठेवली आहे. ‘नाही’ म्हणावं लागलं की वस्तू आणि वजन त्यात लिहायचं. सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही हे ठरलं नसलं तरी ही वही आजच सुरू करा.

आधी सांगायचं राहिलं: पैसे देण्यापूर्वी शेवटचं वर्ष झाकून ठेवायचं आणि त्या वर्षाचा अंदाज मागायचा. आम्ही हे उशिरा केलं. २०२३ झाकलं, तर साबुदाण्याची चढती मागणी सॉफ्टवेअरने जुलैअखेर दाखवली, कारण २०२२ चा श्रावण २९ जुलैला लागला होता. पण २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, निज श्रावण १७ ऑगस्टला सुरू झाला आणि उपासाचा माल तेव्हा उठला. लक्ष्मीपूजन एका वर्षी २४ ऑक्टोबरला, पुढच्या वर्षी १२ नोव्हेंबरला. नुसत्या इंग्रजी महिन्यांवर आमचा धंदा चालत नाही. मी सहा वर्षांची पंचांगं घेऊन बसले आणि प्रत्येक तारखेसमोर मराठी महिना व सण असा वेगळा रकाना भरला. तो रकाना मी स्वतः भरला याचा मला अभिमान आहे. गेल्या श्रावणात साबुदाणा एकदाही संपला नाही.

आता १७ मे २०२६ पासून अधिक ज्येष्ठ आहे. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं म्हणून गूळ आणि खसखस उठणार. आमच्याकडे अधिक महिन्याची उदाहरणं तीनच, २०१८, २०२० आणि २०२३, त्यातलं मधलं कोरोनातलं. सॉफ्टवेअरने खसखशीचा आकडा दिला आहे. अण्णांनी कागदावर त्यांचा लिहून दिला, तो दीडपट आहे. ऑर्डर मी अण्णांच्या आकड्याने दिली आहे, आणि ‘नाही’ची वही गल्ल्याजवळ उघडी ठेवली आहे.