माझा अनुभव: हवेतल्या टिकल्या आणि ०.५४

एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात प्रोजेक्ट मिळाला तेव्हा सर एवढंच म्हणाले, "हवेत स्फोट करायचे आणि ते मोजायचे." मला वाटलं, चेष्टा करताहेत.

आमचा लेसर एनडी-याग, १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. एका पल्सची ऊर्जा ६० मिलिजूल. एवढ्याने चमचाभर पाणी एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकंही तापायचं नाही. पण ही ऊर्जा ८ नॅनोसेकंदांत येते, आणि भिंगाने ती केसाएवढ्या ठिपक्यात गोळा केली की हवेचा प्लाझ्मा होतो, म्हणजे अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटून झालेला तापलेला, चमकणारा वायू. निळसर पांढरी ठिणगी, आणि पिस्तुलातली टिकली फुटावी तसा टक्क आवाज. सेकंदाला दहा. पहिल्या दिवशी अर्धा तास मी नुसती ऐकतच बसले. गॉगल अर्थातच डोळ्यांवर, आणि हातातल्या बांगड्या ड्रॉवरमध्ये, कारण चकाकणाऱ्या वस्तूवरून उडालेला किरण कुठे जाईल याचा नेम नाही.

आवाज येतो तो शॉक वेव्हचा, म्हणजे स्फोटातून आवाजापेक्षा वेगाने पसरणाऱ्या दाबाच्या लाटेचा, आणि मला तिचे फोटो काढायचे होते. त्यासाठी दुसऱ्या, हिरव्या लेसरचा पल्स फ्लॅशसारखा वापरायचा. तो ठिणगीनंतर ठरावीक वेळाने सोडायचा की कॅमेऱ्यात वेव्हची सावली पडते, काळ्या कडेचं गोल कडं. वेव्हचा वेग सेकंदाला ७६० मीटर असला तरी ८ नॅनोसेकंदांत ती जेमतेम ६ मायक्रॉन सरकते, म्हणून फोटो हलत नाही. सुरुवातीचे फोटो मात्र पांढरेफटक आले, कारण प्लाझ्माचा उजेडच जास्त. फक्त त्या हिरव्या लेसरचा उजेड आत सोडणारा ५३२ नॅनोमीटरचा फिल्टर लावल्यावर कडं दिसलं. एका स्फोटाचा एकच फोटो मिळतो. पुढच्या वेळेसाठी नवा स्फोट. मधेच धुळीचा कण आला तर ठिणगी भलतीकडेच पडायची, तो फोटो बाद.

महिन्याभरात १ ते २० मायक्रोसेकंदांपर्यंतचे आकडे जमले. १ मायक्रोसेकंदाला त्रिज्या १.९ मिलिमीटर. सिद्धांत सांगतो की त्रिज्या वेळेच्या २/५ घातात वाढते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी याच सूत्रावरून, १९४५च्या ट्रिनिटी या अमेरिकेच्या पहिल्या अणुचाचणीच्या प्रसिद्ध झालेल्या फोटोंमधून, स्फोटाची ताकद सुमारे १७ किलोटन काढली होती. त्रिज्या आणि वेळ दोन्हींचे लॉग घेऊन ग्राफ काढला की त्याचा चढ म्हणजेच हा घात, तेव्हा माझा चढ २/५, म्हणजे ०.४ यायला हवा. आला ०.५४.

दोन आठवडे मी चूक शोधत होते. आधी मोजपट्टी पुन्हा तपासली, कारण ऊर्जा काढायच्या सूत्रात त्रिज्येचा पाचवा घात आहे. २ टक्के चुकलं तर ऊर्जा १० टक्के चुकते. ती बरोबर निघाली. मग शून्य वेळ. तिथे थोडी गफलत सापडली, केबलच्या लांबीमुळे. पण ती काही दहा-वीस नॅनोसेकंदांची, तिने काय फरक पडणार!

शेवटी सरांनी ग्राफ हातात घेतला आणि विचारलं, "वीस मायक्रोसेकंदांना वेग किती?" मोजला तर सेकंदाला ३७० मीटर. आवाजाच्या वेगाला चिकटलेलाच. टेलरचं सूत्र बाहेरच्या हवेचा दाब हिशेबात धरत नाही, त्यामुळे वेव्ह जोरात असते तोवरच ते चालतं. मी दमलेल्या वेव्हलाही तेच सूत्र लावत होते! ३ मायक्रोसेकंदांच्या आतले नवे फोटो काढले, ०.३पासून. चढ ०.४२, आणि ऊर्जा २६ मिलिजूल. ऊर्जा मोजणाऱ्या मीटरच्या हिशेबाने हवेने ३४ मिलिजूल शोषली होती. बाकीची प्लाझ्माच्या उजेडात आणि मागे उरलेल्या गरम हवेत गेली असावी.

उशिराचे बिंदू मी रिपोर्टमध्ये पोकळ वर्तुळांनी दाखवले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडीत नेमकं त्यांच्यावरच बोट ठेवलं. "हे का गाळले?"

"गाळले नाहीत, सर," मी म्हटलं, "तिथून पुढे तो नुसता आवाज आहे."