कासला जाताय? आठवड्याच्या मधल्या दिवशी जा आणि गाइड घ्या

पहिल्यांदा कासला गेलो तो सप्टेंबरातल्या एका रविवारी. त्या दिवशी फुलांपेक्षा पुढच्या गाडीची नंबरप्लेटच जास्त वेळ पाहिली. यवतेश्वरच्या घाटातच गाड्या तुंबलेल्या, आणि वर पोचलो तर लोक फुलांत आडवे होऊन फोटो काढतायत. परत येणार नाही असं ठरवूनच उतरलो होतो. या वेळी बायकोच्या हट्टापायी गेलो, पण बुधवारी, आधी ऑनलाइन बुकिंग करून, साडेसहालाच सातारा सोडून. तेच पठार, पण ओळखू येईना.

साताऱ्याहून पठार पंचवीसेक किलोमीटर. दिवसाला साधारण ३,००० माणसांची मर्यादा ठेवलेली आहे, त्यामुळे शनिवार-रविवारचं बुकिंग आधीच भरतं. तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. वर रेंज येते-जाते, आणि गेटवर उभं राहून मेल शोधणं फार केविलवाणं दिसतं (आमचंच दिसलं).

तिकीट तपासणारा मुलगा, पार्किंगवाले, प्लास्टिक वेचणाऱ्या बायका, गाइड, सगळे कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा पठाराभोवतीच्या गावांतले. हंगामाचा कारभार या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या वनखात्यासोबत चालवतात, आणि प्रवेशशुल्कातून यांची मजुरी निघते. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, त्यात कास होतं. गर्दीचा लोंढा खरा त्यानंतरचा.

गाइड म्हणून आम्हाला एक ताई मिळाल्या. पन्नाशीच्या असतील, प्लास्टिकचं इरलं डोक्यावर. आम्ही गुलाबी तेरड्याचा गालिचा बघत उभे होतो. त्या म्हणाल्या, खाली बसा. बसल्यावर तेरड्याच्या पायाशी निळी-जांभळी इवलीशी फुलं दिसली. सीतेची आसवं. इथे जांभ्याच्या कातळावर माती जेमतेम, तिच्यात नत्र कमी, म्हणून ही वनस्पती मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून भूक भागवते. पुढे पांढरे गेंद, पिवळा कवला (याला सगळे मिकी माउस म्हणतात, आणि एकदा दिसला की दुसरं नाव सुचत नाही), डबक्यात दोन फाट्यांचा वायतुरा. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. यंदा नुसती पानंच होती. स्वतः फिरलो असतो तर यातलं निम्मंही दिसलं नसतं.

मग मी कुंपणाबद्दल विचारलं. पहिल्या वेळी रस्त्याच्या कडेने जाळी होती, आता दिसत नव्हती. लोळणाऱ्या लोकांची आठवण ताजी असल्याने मी जाळीच्याच बाजूचा. ताई हसल्या.

"पहिलं हितं गुरं चरायची, दादा. उंच गवात खाऊन टाकायची, मग बारक्या फुलाला ऊन मिळायचं. जाळी मारली, गुरं थांबली, आन गवात माजलं."

वनस्पतिशास्त्राच्या काही अभ्यासकांचंही म्हणणं थोडंफार असंच होतं. चराईने गवत आटोक्यात राहतं, शेणाने खत मिळतं. शेवटी जाळी काढली. फुलं कमी-जास्त होण्यामागे पाऊसही असतो, पर्यटकांच्या पायांनी दडपलेली मातीही असते, सगळं गुरांवर टाकता येणार नाही. तरी माझ्यासारख्यांना अडवायला घातलेल्या कुंपणाने ताईंच्या म्हशी अडवल्या, ही गोष्ट दिवसभर डोक्यातून गेली नाही. पठार राखायचं काम त्या म्हशी फुकट करत होत्या.

ताईंचे यजमान आणि मोठा मुलगा नवी मुंबईत माथाडी. जावळीकडच्या घरोघरी हीच कथा. घरी थोडी नाचणी, थोडा भात. "दीड म्हैन्याच्या सीझनवर घर न्हाई चालत. पण पोरीची फी निघती, दिवाळी निघती."

म्हणून जेवणाचं सांगतो. आपला मोठा खर्च घाटरस्त्यावरच्या हॉटेलांत होतो. त्याऐवजी सकाळीच गाइडला विचारा, गावात कुणाच्या घरी जेवणाची सोय होईल का. आमची झाली: नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, वर ताक. आयत्या वेळी चार-सहा माणसं घेऊन धडकू नका, चुलीवरच्या भाकरीला वेळ लागतो.

छत्री घरीच ठेवा, वाऱ्यात ती उलटीच होते. रेनकोट हवा, आणि तळव्याला पकड असलेले बूट, कारण ओला कातळ शेवाळाने निसरडा असतो. स्वच्छतागृह पार्किंगजवळच उरकून घ्या. बहराची तारीख पावसाप्रमाणे मागेपुढे होते, तेव्हा कुणाचे जुने फोटो बघून सुट्टी टाकू नका. फुलांवरून धुकं सरकायला कधी तासभर लागतो, थांबा. पाय धड असतील तर राजमार्ग म्हणतात त्या जुन्या वाटेने कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत जा, तिथे गर्दी विरळ होते. बामणोली आणि वासोटा किल्ला त्याच दिवसात कोंबू नका. वासोट्याला वनखात्याची परवानगी, बोट आणि चढण मिळून अख्खा दिवस जातो.

निघताना ताईंना विचारलं, पुन्हा कधी यावं? त्या म्हणाल्या, ऑक्टोबरात या. सोनकीने पठार पिवळं झालेलं असतं, गर्दी ओसरलेली असते. "मी गेटावर नसंन तवा. पण गुरांमागं असंन, हाक मारा."