इरुंगट्टुकोट्टई ते इंदूर : त्याच चार टायरांवर परतीचे तीन दिवस

कोइमतूर आणि चेन्नईजवळच्या दोन रेसिंग ट्रॅकवर आमच्या हौशी मंडळींची कार स्पर्धा झाली; तिथल्या लॅपच्या, म्हणजे एकेका फेरीच्या, वेळा मागच्या नोंदीत दिल्या आहेत, म्हणून त्या येथे पुन्हा लिहीत नाही. ही नोंद केवळ परतीच्या प्रवासाची आहे, कारण आम्ही ट्रॅकवर गाडी कशी चालवली हे आम्हाला ट्रॅकवर जेवढे कळले, त्याहून अधिक घरी परतताना कळले. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईहून बंगळूर, चित्रदुर्ग, बेळगाव, कोल्हापूर, पुणे आणि धुळे असा सुमारे १,७८० किलोमीटरचा रस्ता आम्ही तीन दिवसांत पार केला. हैदराबाद-नागपूरमार्गे अंतर कमी पडले असते. पण पुढच्या चाकांचे नवे ब्रेक पॅड, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला (तबकडीला) दाबून धरणाऱ्या पट्ट्या, आम्ही आधीच पुण्याला मावशीकडे मागवून ठेवले होते आणि त्यांची गरज पडणार हे तोपर्यंत स्पष्ट झाले होते.

नव्या वाचकांसाठी नियम थोडक्यात सांगतो. १९८४ साली ब्रॉक येट्स यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या ‘वन लॅप ऑफ अमेरिका’ या स्पर्धेने पुढे जे रूप घेतले, त्यात गाडी ज्या टायरांवर ट्रॅकवर धावते त्याच टायरांवर ती रस्त्याने पुढच्या ट्रॅकपर्यंत जाते. आमच्या हौशी मंडळींनी हाच नियम लहान प्रमाणावर स्वीकारला आहे. पहिला ट्रॅक कोइमतूरजवळच्या चेट्टीपाळयमचा, म्हणजे एस. करिवर्धन यांच्या नावाचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे, आणि दुसरा इरुंगट्टुकोट्टईचा, १९९० पासून वापरात असलेला, सुमारे ३.७ किलोमीटरचा मद्रासचा सर्किट. गाडी ट्रेलरवर चढली की संघ बाद होतो. आमच्या संघात मी, माझा मावसभाऊ आणि पिथमपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले आमच्या कॉलनीतले काका असे तिघे आहोत. गाडी १,२०० सीसीची जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे.

शेवटच्या फेरीनंतर ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले होते. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ प्रकारच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते, आणि लांब सरळ रस्त्याच्या शेवटी वारंवार जोरात ब्रेक लावले तर कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) तेवढी उष्णता सहज तयार होते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते. पेडल खोल जाते ते त्यामुळे. निघण्यापूर्वी एक वर्षाचे ऑइल ‘अजून चालेल’ म्हणून मी तसेच ठेवले होते, ही चूक माझी.

अशा पेडलावर घाट उतरायचा नाही यावर तिघांचेही एकमत होते, म्हणून पॅडॉकमध्येच (ट्रॅकलगतच्या गाड्या उभ्या करण्याच्या जागेत) ब्लीडिंग, म्हणजे जुने ऑइल आणि त्यातले बुडबुडे बाहेर काढणे, करायला घेतले. पेडलाचा दाब ऑइलला देणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांब असलेल्या मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. ऑइल बाहेर सोडण्याच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवले, काका पाना घेऊन खाली बसले आणि मी पेडलावर. “दाब. धर. धरून ठेव. आता सोड.” ही चार वाक्ये मी त्या संध्याकाळी किती वेळा ऐकली असतील, ते मोजलेले नाही. मागच्या चाकांतून कोऱ्या चहासारखे गडद ऑइल आले, पण बुडबुडे नव्हते. पुढच्या डाव्या चाकाच्या नळीतून मात्र मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत राहिले. आम्ही सीलबंद बाटलीतलेच ऑइल वापरले. उघडून ठेवलेली बाटली कितीही भरलेली असली तरी ती यासाठी वापरू नये. ट्रॅकसाठी काढून ठेवलेली मागची सीट, स्टेपनी आणि हत्यारे गाडीत परत बसवून, तिथे कमी ठेवलेली हवा चारही चाकांत ३३ पौंडांपर्यंत (पीएसआय) भरून आम्ही निघालो, तेव्हा पेडल पुन्हा घट्ट झाले होते.

कृष्णगिरी ओलांडल्यानंतर दुसरी गोष्ट लक्षात आली. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे हलका ब्रेक लावला की स्टीअरिंग थरथरत होते. अशा वेळी डिस्क वाकली असे आपण सहज म्हणून जातो, पण बहुतेकदा डिस्क वाकलेली नसते. तापलेल्या पॅडचा थर तिच्या एखाद्या भागावर जास्त चिकटलेला असतो. आमच्या बाबतीत कारणही आठवले. शेवटच्या फेरीनंतर गाडी थंड होण्यासाठी एक सावकाश फेरी मारायची सोडून मी थेट पॅडॉकमध्ये आलो आणि रांगेत ब्रेकवर पाय ठेवून उभा राहिलो. पॅड जिथे टेकून राहिले, तिथेच त्यांचा ठसा उमटला. उभ्या गाडीचा हँडब्रेकही गरम असताना लावू नये, हे आपण सगळेच एकमेकांना सांगतो, पण फुटब्रेकबद्दल तेवढी काळजी घेत नाही. पहिला मुक्काम चित्रदुर्गला झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टायरांवरून आमचा बराच वेळ वाद झाला. मावसभावाचे म्हणणे असे की, “दादा, पुढचे टायर झिजलेत, ते मागे टाकू, स्टीअरिंगची चाके चांगली हवीत.” नियमाप्रमाणे त्याच चार टायरांची अदलाबदल चालते, त्यामुळे त्याची सूचना नियमात बसणारी होती. मी मात्र ठाम नकार दिला, आणि आजही माझे तेच मत आहे. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते, ड्रायव्हरला ते लगेच जाणवते आणि वेग कमी करून ती सावरता येते. मागची चाके घसरली तर गाडी फिरते आणि तिला सावरणे आपल्यापैकी फार थोड्यांना जमते. म्हणून चांगली नक्षी (टायरवरच्या खाचा) असलेले टायर मागेच राहू दिले.

कागलच्या पुढे पावसाने गाठले. रुंदीकरणाच्या कामामुळे वळवलेल्या रस्त्यावर ठिकठिकाणी पाणी साचलेले होते, आणि अशाच एका डबक्यात स्टीअरिंग क्षणभर हातात अगदी हलके झाले, जणू खाली रस्ताच नव्हता. नक्षीच्या खाचा पाणी बाहेर टाकू शकल्या नाहीत की चाक पाण्यावर तरंगते. मी ब्रेक न लावता फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडला, आणि चाकाने पुन्हा पकड घेतली. तिथून साताऱ्यापर्यंत आम्ही ताशी ६० च्या वर गेलो नाही.

पुण्यात मावशीच्या इमारतीखाली सकाळी लवकर पॅड बदलले आणि डिस्कवरचा थर पॉलिश पेपरने घासून काढला. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत दहा वेळा वेग उतरवला, पण एकदाही गाडी पूर्ण थांबवली नाही. त्यानंतर थरथर गेली ती परत आली नाही. मावशीने बांधून दिलेल्या गूळपोळ्या धुळ्यापर्यंत पुरल्या.

धुळे सोडल्यावर गाडीतून बारीक घुमणारा आवाज येऊ लागला. मला तो टायरचा वाटला. काका मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते, ते म्हणाले, “किंचित उजवीकडे घे... आता डावीकडे.” उजवीकडे वळताना आवाज वाढत होता आणि डावीकडे वळताना जवळजवळ नाहीसा होत होता. उजव्या वळणात गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, म्हणजे खराब झालेले बेअरिंग (ज्यावर चाक फिरते तो भाग) डाव्या बाजूचे. सेंधव्याचा बिजासन घाट आम्ही सावकाश पार केला, खलघाटला नर्मदा ओलांडली, आणि धामनोदच्या पुढे माळव्याच्या पठाराची चढण सुरू झाली. इंदूरहून खाली उतरणाऱ्या ट्रकांचे ब्रेक निकामी होण्यासाठी गणपती घाट वर्षानुवर्षे कुप्रसिद्ध राहिला आहे. आम्ही चढत होतो, तरी दोन दिवस ब्रेकचाच विचार केल्यानंतर तो उतार वेगळ्या नजरेने पाहिला गेला. महूजवळ पिथमपूरचा फाटा लागला. तिथे २०२१ साली ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान चाचणी ट्रॅक सुरू झाला आहे. तो वाहनांच्या चाचणीसाठी आहे, तरीही इंदूरच्या हौशी चालकांना वर्षातून एखादा दिवस तिथे वळणांचा सराव मिळावा, असे मला मनापासून वाटते.

घरी आल्यावर मोजमापे घेतली. पुढच्या डाव्या टायरची नक्षी मधोमध ३.४ मिलिमीटर आहे, बाहेरच्या कडेला मात्र १.९; कायद्याची मर्यादा १.६ आहे. पुढच्या उजव्या टायरची बाहेरची कड २.६ आहे. कारखान्यातून आलेल्या कॅम्बरवर (चाकाच्या उभ्या कलावर) वळणात चाक बाहेरच्या कडेवर कलते, हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण माझे चालवणे आहे: वळणात शिरल्यावर गाडी वळत नाही असे वाटले की मी स्टीअरिंग आणखी फिरवतो आणि टायर रस्त्यावर खरवडत नेतो. हा कल बदलता येणारे कॅम्बर बोल्ट मागवले आहेत, पण ही सवय बोल्टने जाणारी नाही. त्यासाठी पुढचे दोन महिने कार्टिंगचा सराव ठरवला आहे.

रविवारी गाडी जॅकवर घेतली. काकांनी डाव्या चाकामागच्या स्प्रिंगवर तळहात ठेवला आणि मला चाक हाताने फिरवायला सांगितले. मग माझा हात तिथे ठेवला. स्प्रिंगमधून बारीक वाळू दळल्यासारखी खरखर थेट तळहातात येत होती. उजव्या बाजूला तेच केले, तर स्प्रिंग शांत होती. डावे बेअरिंग या आठवड्यात बदलतो आहे, आणि अलाइनमेंट (चाकांची दिशा व कल जुळवणे) त्यानंतरच करून घेईन.