सेट झालं का?

हल्ली पाककृतीच्या कुठल्याही व्हिडिओत एक वाक्य हमखास येतं: "आता हे चार तास सेट व्हायला ठेवा." पुडिंग असेल तर माझं काही म्हणणं नाही, ते आलंच मुळी तो शब्द घेऊन. पण परवा हेच नारळाच्या वड्यांबद्दल ऐकलं. वड्या थापायच्या असतात, मग त्या पडतात. किंवा पडत नाहीत, आणि मग चमच्याने खाव्या लागतात. विरजण घातलं की दही लागतं. आता वडी, दही, केस, साडीच्या निऱ्या, पोराचं आयुष्य, सगळंच सेट होतं.

खुद्द इंग्रजीतही या शब्दाने फार जागा अडवली आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद होती ती सेटची. अर्थ सुमारे ४३० आणि मजकूर सुमारे ६०,००० शब्दांचा, म्हणजे तीन अक्षरी शब्दावर एक आटोपशीर कादंबरीच. पुढे 'रन'ने त्याला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या कोशकाराने नऊ महिने खपून रनच्या क्रियापदाचे ६४५ अर्थ लावले. मला यात नवल वाटत नाही. इंजिनं धावली, मग कारखाने, मग कॉम्प्युटरचे प्रोग्राम. सेट बसून राहिला.

बसून राहिला हे मी गंमत म्हणून लिहिलं खरं, पण त्या शब्दाचा मूळ अर्थच बसवणं हा आहे. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणं आणि 'सेट' म्हणजे बसायला लावणं. संस्कृतातला सद् हा धातू त्याच कुळातला. त्यातूनच सदन आलं, संसद आली, गुरूच्या जवळ खाली बसणं सांगणारं उपनिषदही आलं. वस्तूंचा सेट मात्र वेगळ्या घरातून आला. त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमधून लॅटिन 'सेक्टा'पर्यंत जातं, म्हणजे कुणाच्या तरी मागून जाणारी मंडळी. त्याचा धातू आणि आपल्या 'सचिव'चा सच् हे सख्खे. तेव्हा चहाच्या कपांचा सेट आणि मंत्रालयातले सचिव नात्यातले निघतात. दोन्ही शोकेसमध्ये जपून ठेवायचे आणि पाहुणे आले की बाहेर काढायचे, असं आमचे एक निवृत्त शेजारी म्हणतात. त्यांची सगळी नोकरी मंत्रालयात झाली.

आता आपलं 'बसणे' बघा. ते 'उपविश्'पासून आलंय, त्यामुळे सेटशी त्याचं रक्ताचं नातं नाही. पण पसारा तोच. गणपती बसतात, घट बसतात. हाडवैद्य हाड बसवतो, सोनार खडा बसवतो. नाटक बसवतात, चाल बसवतात, घडी बसवतात. विश्वास बसतो आणि धक्काही बसतो. आवाज बसतो तेव्हा गाणं थांबतं, पण गाणं गळ्यावर बसतं तेव्हा ते सुरू होतं. परीक्षेला बसतात, उपोषणाला बसतात, आणि शनिवारी संध्याकाळी एखादा मित्र नुसतं "बसायचं का?" म्हणाला तर कुठे आणि कशासाठी हे विचारावं लागत नाही. सगळ्यात आवडती जोडी धंद्याची. धंद्यात जम बसला तर पेढे वाटायचे आणि धंदा बसला तर तोंड लपवायचं. मधला एक जम काय तो गळला.

समानार्थी शब्द म्हणून जे सांगतात, त्यांचं हे असं असतं. पीटर मार्क रॉजेट या इंग्रज डॉक्टरने १८५२ साली, वयाच्या ७३व्या वर्षी, आपला प्रसिद्ध थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, छापला. त्यात शब्द अक्षरांच्या क्रमाने न लावता कल्पनांच्या गटांत लावले होते. या वाटेने आधी कोण गेलं हे सांगताना त्याने प्रस्तावनेच्या तळटीपेत सगळ्यात जुना म्हणून संस्कृतातल्या अमरकोशाचा उल्लेख केला, कोलब्रुकच्या इंग्रजी भाषांतराचा हवाला दिला, आणि लगेच त्यातली मांडणी अगदी गोंधळाची आहे असं म्हणून मोकळा झाला. आजोबांचे पाय धरायचे आणि उठता उठता त्यांच्या धोतराला नावं ठेवायची. तर अशा पुस्तकात सेट काढला की मांडणं, लावणं, ठरवणं, रोवणं, गोठणं अशा अर्थांच्या शब्दांची रांगच उभी राहते. पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. गजर लावायचा, पानं मांडायची, तारीख ठरवायची, सूर्य मावळायचा. इंग्रज या सगळ्याला एकच शब्द वापरतो. तो त्याला पुरतो, कारण शेजारी कोण उभं आहे हे बघून तो अर्थ काढतो. आपणही 'लावणे'चं तेच करतो: दिवा लावतो, रोप लावतो, चुना लावतो, वाट लावतो.

इतकं घरात असताना आपण सेट का घेतला? मला वाटतं, आपल्याला एक निर्धास्तपणा हवा होता. गणितातल्या सेटला पाठ्यपुस्तकाने 'संच' हा चांगला शब्द दिला, तो वर्गात सुखाने नांदतो. पण "भावा, लाइफ सेट आहे" यातला सेट संचात मावत नाही आणि बसण्यातही नाही. "लाइफ बसलंय" म्हटलं तर लोक सांत्वनाला येतील. 'सेटिंग' तर पूर्ण आपली निर्मिती. "आत आपली सेटिंग आहे" म्हणजे काय, हे ऑक्सफर्डमधल्या कोशकाराला समजावून सांगायला एक तलाठी कार्यालय दाखवावं लागेल.

एक सेट मात्र या सगळ्या निर्धास्तपणाला फटकून आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं ती, सहायक प्राध्यापक होण्याची पात्रता परीक्षा. नेट-सेट झालेली कितीतरी मुलं तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात फिरताना दिसतात. ओळखीतल्या अशाच एकाचं स्थळ सांगून आलं. मुलीच्या मामांनी अंदाज घेत विचारलं, "मुलगा सेट आहे ना?"

मुलाचे वडील म्हणाले, "हो तर. दोन विषयांत."