कूलर लावला? मग समोरची खिडकी उघडा

नागपुरात मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की १५०-२०० वॅटचा कूलर सहज पुरतो. दहा तासांत फार तर २ युनिट. दीड टनाचा एसी भर उन्हात तेवढी वीज दीड-दोन तासांत खातो. पण खोली बंद ठेवली की दमट हवा आतच साचते आणि शिव्या खातो कूलर! समोरची खिडकी वीतभर उघडी हवीच.

कूलरच्या ताट्यांवर, म्हणजे बाजूच्या ओल्या गवती जाळ्यांवर, कोरडे पट्टे दिसले तर तिथून गरम हवा शिरते. त्यांवर पाणी सोडणाऱ्या वरच्या नळीची क्षारांनी बुजलेली भोकं सुईने मोकळी करा. पंखा मंदावून मोटर तापत असेल तर बहुधा कंडेन्सर (मोटरला जोर देणारा छोटा विजेचा भाग) गेलाय. मेकॅनिककडून तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, म्हणजे तेवढ्याच क्षमतेचा, बसवून घ्या. पाऊस लागला की पंप बंद, नुसता पंखा.